दस्तरखान : सातवी वाटी

डिसेंबर-जानेवारीत आमच्या हिंगोलीत जांबाचे गाडे चौकाचौकांत उभे राहतात. पुस्तकात पेरू, मराठवाड्यात जांब आणि आमच्या घरातल्या दखनीत जाम. यांना एक किलो आणायला सांगितले तर हे तीन किलो आणतात. मुले दोन दिवस मीठ-तिखट लावून खातात. घरातल्या मोठ्यांचे दात बियांशी झगडायला तयार नसतात. चौथ्या दिवशी घरभर वास सुटतो आणि टोपलीच्या तळाशी सात-आठ मऊ जांब उरतात. टाकायला जीव होत नाही, खायला कोणी पुढे येत नाही.

या उरलेल्या जांबांसाठी मी गेली दोन वर्षे एक पदार्थ करते. इंग्रजीत त्याला कॉब्लर म्हणतात. माझी मुलगी आठवीत आहे. तिने शब्दकोश काढून पाहिला आणि म्हणाली, "अम्मी, ये तो मोची है." खरेच, त्या शब्दाचा अर्थ मोचीही होतो. तेव्हापासून आमच्या घरात याचे नाव "मोचीवाला मीठा" पडले आहे. खाली शिजवलेले फळ, वर मऊ पिठाचे गोळे, आणि दोन्ही एकत्र भाजलेले. बस, एवढेच.

ओव्हन नाही म्हणून घाबरू नका. युरोपातून अमेरिकेत जाऊन वसलेल्या लोकांनी हा पदार्थ रूढ केला, तेव्हा त्यांच्यापैकी अनेकांकडे तरी ओव्हन कुठे होता? जाड लोखंडी भांडे चुलीवर ठेवायचे, झाकणावर निखारे घालायचे, खालून-वरून आच द्यायची. हे वाचले तेव्हा मला हसूच आले. बिर्याणीच्या देगेवर निखारे ठेवून दम देणाऱ्या घरातल्या मुलीला हे वेगळे काय शिकवायचे!

माझ्या लहानपणी तर भाजणे म्हणजे बेकरीची भट्टी. हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यातला एक तालुका होता, जिल्हा झाला 1999 साली. ईदच्या आठ-दहा दिवस आधी अम्मी मैदा, पिठीसाखर आणि डालडा पिशवीत भरायची, रिकामा पत्र्याचा डबा माझ्या हातात द्यायची, आणि आम्ही नानखटाई करून घ्यायला भट्टीवर जायचो. पाव काढून झाले की उतरत्या आचेवर बिस्किटांचे पत्रे आत जायचे. दिवाळीआधी त्याच बाकावर शेजारच्या काकू त्यांचा डबा घेऊन बसलेल्या असायच्या. आपला पत्रा कोणता, यावरून बायकांची गोड भांडणे व्हायची. घरी आल्यावर अम्मी डबा फळीवर वर ठेवायची आणि ईदला पाहुण्यांसमोर काढायची. ती स्वतः नानखटाई खाताना मला आठवत नाही. डब्याच्या तळाचा चुरा चहात घालून खाताना आठवते.

हे आठवायला एक कारण झाले, ते पुढे सांगते. आधी कृती.

भांडे जाड बुडाचे, पसरट अल्युमिनियमचे पातेले घ्या, तोंड साधारण 30 सेंटिमीटर, झाकण सपाट आणि घट्ट बसणारे. रोजचा चांगला कुकर यासाठी खराब करू नका. कुकरच वापरायचा असेल तर जुना काढा, रबर आणि शिट्टी आठवणीने काढून ठेवा आणि आत पाणी अजिबात घालू नका. पातेल्याच्या तळाला दोन बोटे जाड मीठ पसरा, त्यावर स्टँड किंवा जाळी ठेवा, झाकण लावून मध्यम आचेवर 10 मिनिटे तापवा.

सात स्टीलच्या वाट्यांसाठी (मध्यम, आमटीच्या) 700 ग्रॅम पिकलेले जांब लागतात. जांब कापून मधला बियांचा गर चमच्याने काढा. तो गर टाकायचा नाही. थोडे पाणी घालून पाच मिनिटे शिजवा आणि चाळणीतून गाळून घ्या. जांबातला चिकटपणा, ज्याने जेली घट्ट होते, तो या गरात भरपूर असतो. म्हणून कॉर्नफ्लोअर लागत नाही. बाहेरचा भाग बारीक चिरून, गाळलेला गर, 4 मोठे चमचे साखर, एका लिंबाचा रस आणि चिमूटभर दालचिनी घालून पाक सुटून परत आळेपर्यंत शिजवा. वाट्यांना तुपाचे बोट लावून हे फळ अर्ध्यापर्यंत भरा.

वरच्या पिठासाठी 75 ग्रॅम मैदा, 75 ग्रॅम कणीक, 3 मोठे चमचे साखर, दीड लहान चमचा बेकिंग पावडर, पाव लहान चमचा खाण्याचा सोडा, चिमूटभर मीठ आणि वेलची एकत्र चाळा. 60 ग्रॅम थंड, घट्ट तूप किंवा लोणी बोटांच्या टोकांनी चोळा, पीठ रव्यासारखे दिसेपर्यंत. मग अर्धी वाटी घट्ट दही घालून हलक्या हाताने कालवा. फार मळू नका. मळले की पोळीच्या कणकेसारखी ताकद येते आणि वरचा थर चिवट होतो. पीठ चमच्यावरून सावकाश पडेल इतके सैल हवे, लागले तर चमचाभर दूध घाला. दह्याची आंबट आणि सोडा भेटले की वायू लगेच सुटू लागतो, म्हणून दही घातल्यावर फोनवर बोलत बसायचे नाही. गरम फळावरच पिठाचे दोन-तीन गोळे सोडा. फळ थंड असले तर गोळ्यांची खालची बाजू कच्ची राहते. हे मी दोनदा करून शिकले आहे. वाटी पाऊण भरेल इतकेच घाला, पीठ फुगते आणि खालचा पाक उसळी मारतो.

वाट्या पातेल्यात ठेवा, झाकण लावा, मंद-मध्यम आचेवर 30 मिनिटे. पंचविसाव्या मिनिटाला काडी टोचून पाहा. वरचा रंग मात्र फिकट राहतो, कारण वरून आच नाही. दुसऱ्या शेगडीवर लोखंडी तवा लालबुंद तापवून शेवटची दहा मिनिटे झाकणावर ठेवला तर थोडा रंग चढतो. निखारे मिळाले तर उत्तमच. ज्यांच्याकडे ओव्हन आहे त्यांनी 180 अंशांवर 25 मिनिटे.

व्हॅनिला इसेन्स मी वापरत नाही. काही बाटल्यांत अल्कोहोल असतो, बारीक अक्षरे वाचावी लागतात, आणि वेलची असताना त्याची गरजही वाटत नाही. अंडे नाही, जिलेटिन नाही, त्यामुळे संक्रांतीला तिळगूळ घेऊन येणाऱ्या काकूंनाही त्यांच्या पसंतीने देता येते.

आता ते कारण. पहिल्यांदा केले तेव्हा मी सहा वाट्या भरल्या होत्या. सासूबाई म्हणजे अम्मीजान, अब्बाजान, हे, धाकटे दीर, मुलगी, मुलगा. सहा वाट्या पातेल्यात गोल मांडल्या, मध्ये जागा रिकामी. मुलगी बाजूला उभी राहून पाहत होती. तिने विचारले, "अम्मी, तुमारी कटोरी कां है?"

मी म्हटले, "मी चाखते ना फळ करताना."

"चाखना और खाना एक है क्या?"

मी गणित शिकवते. घरात माणसे किती, हे मला येत नव्हते असे नाही. पण मोजताना मी स्वतःला धरलेच नव्हते, आणि त्यात कोणाचा दोष नव्हता. कोणी मला खाऊ नको म्हटले नव्हते. खिरीच्या मोठ्या भांड्यात हे कधी दिसलेच नसते. सगळ्यांना वाढून झाले की तळाला काहीतरी उरते, ते माझे. कधी दोन चमचे, कधी खरवड. शीरखुर्म्याचे पातेले ईदच्या संध्याकाळी पावाच्या तुकड्याने पुसणारी अम्मी मला त्या क्षणी आठवली, आणि नानखटाईचा चुराही. मी तिची लेक. चाळीस वर्षे मलाही ते दिसले नव्हते.

मुलीने कपाटातून सातवी वाटी काढली आणि मधल्या जागेत ठेवली. बरोबर बसली. सारख्या मापाच्या सहा गोलांच्या मध्ये त्याच मापाचा सातवा नेमका बसतो, हे मी मुलांना फळ्यावर काढून दाखवते! भरलेल्या सहा वाट्यांतून चमचा-चमचा काढून आम्ही ती भरली.

अम्मीजानना हे वेगळे-वेगळे वाढणे पसंत पडले नाही. "ये क्या होटल है क्या गे, अलग-अलग कटोऱ्यां? हमारे में तो सब एक तबाक में खाते." त्यांचे म्हणणे मी उडवून लावत नाही. एका तबकात हात घालून खाण्यात बरकत आहे, ही आपली शिकवण आहे, आणि वाटून खाल्ल्याने अन्न कमी पडत नाही हे मी लहानपणापासून पाहिले आहे. पण एका तबकाची बरकत त्याभोवती बसणाऱ्यांची असते. आमच्या घरात त्या तबकाभोवती पुरुष आणि मुले बसतात, आम्ही दोघी रोट्या गरम करत असतो. माननीय आयशा (रजि.) भांड्याच्या ज्या जागी ओठ लावून पाणी पीत, प्रेषित (स.) त्याच जागी ओठ लावून पीत, ही रिवायत सहीह मुस्लिममध्ये आहे. म्हणजे एका भांड्यात खाणे-पिणे तिथे पत्नीसोबतचे होते. तिला शेवटी उरलेले देण्याचे नव्हते. मी हे अम्मीजानना सांगितले. त्या काही बोलल्या नाहीत. थोड्या वेळाने म्हणाल्या, त्यांच्या सासरी त्या पंधरा माणसांच्या मागून जेवायच्या, आणि सालन बहुतेक वेळा संपलेले असायचे. हे त्यांनी मला वीस वर्षांत प्रथमच सांगितले.

वेगळ्या वाटीचा आणखी एक उपयोग त्यांच्याच बाबतीत झाला. त्यांना साखरेचा त्रास आहे. खिरीच्या पातेल्यात साखर पडली की ती सगळ्यांसाठी पडते, मग त्यांना नुसते बघत बसावे लागते, किंवा चोरून खावे लागते. इथे साखर घालण्याआधी त्यांच्यापुरते फळ बाजूला काढता येते. वर मैद्याऐवजी निम्मे ज्वारीचे पीठ, निम्मी कणीक, साखर नाही. ज्वारीत चिकटपणा नसल्याने थर भुसभुशीत होतो, पण खमंग लागतो. साखर घातली नाही म्हणजे हवे तेवढे खावे असे मात्र नाही. पीठ आणि फळ यांनीही साखर वाढतेच. म्हणून त्यांची वाटी अर्धीच भरते आणि त्या दिवशी जेवणात एक भाकरी कमी. ओळखू यावी म्हणून वर एक बदाम खोचते.

दुसऱ्या वेळी त्यांनी सगळ्यांच्या आधी स्वयंपाकघरात येऊन तो बदाम माझ्या वाटीत खोचून ठेवला होता. अब्बाजाननी पाहिले नसते तर जमलेही असते.

जांब नसतील तेव्हा काय? वसमतकडच्या केळ्यांचे छान होते, पण केळी आधी शिजवू नका. जाड चकत्या, थोडा गूळ, लिंबू, आणि सरळ पीठ. आंब्याला पाणी फार सुटते, चमचाभर कॉर्नफ्लोअर लावा आणि साखर निम्मी करा. सफरचंद, अननस चालतात. पपई आणि कलिंगडाच्या वाटेला जाऊ नका, नुसते पाणी होते. सीताफळाचा मोह मलाही झाला होता. आपल्या भागात पावसाळा सरताना किती येते! पण त्याचा गर तापला की कडवट होतो, वाट्या कोणी संपवल्या नाहीत. सीताफळ थंडच खावे. रमजानमध्ये इफ्तारीच्या फ्रूट चाटचे फळ उरले तर त्यातले केळे, सफरचंद, द्राक्षे वेचून दुसऱ्या दिवशी वापरता येतात, अट एवढीच की त्यावर चाट मसाला पडलेला नसावा. रोजा असताना चाखणे टाळलेले बरे, म्हणून साखर मोजूनच घाला.

वाट्या काढताना सांडशी वापरा, आणि पाच-सात मिनिटे थांबूनच खायला द्या, आतला पाक जीभ भाजतो. वर साय किंवा थंड दूध घातले तर मुलांना आवडते. एक सांगायचे राहिले, मीठ. गॅस बंद केल्यावरही ते तासभर तापलेले असते, पातेले लगेच पाण्याखाली धरू नका. सकाळी गार झालेले मीठ डब्यात भरून वर "भट्टी" अशी चिठ्ठी लावून ठेवा. पुन्हा पुन्हा भाजायला तेच चालते. आमच्याकडे चिठ्ठी नव्हती, तेव्हा ते एकदा डाळीत पडले.