शून्य नोंदी

शालेय ग्रंथालयाची तालिका कार्डांच्या खणांतून निघून संगणकाच्या पडद्यावर आली, कोहा किंवा ई-ग्रंथालय यांसारख्या प्रणालींच्या द्वारा ती काही ठिकाणी विद्यार्थ्याच्या घरातील मोबाइलपर्यंतही जाऊन पोहोचली, आणि तरीसुद्धा मधल्या सुट्टीत देवघेवीच्या मेजापाशी येऊन ‘सर, ते पुस्तक आपल्याकडे नाही, ओपॅकवर शून्य आलं’ असे सांगणाऱ्या मुलांची रांग काही ओसरली नाही, ही गोष्ट आमच्या व्यवसायबंधूंच्या बोलण्यात वारंवार येते. ते पुस्तक बहुधा त्याच वेळी तिसऱ्या कपाटात, आपल्या वर्गांकाच्या जागी, मुकाट उभे असते. या विसंगतीचे खापर सामान्यतः मुलांच्या माथी फोडले जाते: त्यांना गूगलची सवय लागली आहे, त्यांना शुद्ध लिहिता येत नाही, त्यांना धीर नाही. या आरोपांत तथ्य नाही असे आम्ही म्हणणार नाही. परंतु तालिकेतील शोध हा दोन पक्षांमधील व्यवहार असून त्यांतील दुसरा पक्ष म्हणजे नोंद लिहिणारे आपण आहोत, एवढे या ठिकाणी स्पष्टपणे मांडावे असा आमचा मानस आहे.

गूगलला अर्धवट किंवा चुकीचा प्रश्न विचारला तरी तो विचारणाऱ्याचा हेतू ताडण्याचा प्रयत्न करतो, कारण त्याच्यापाशी असंख्य लोकांनी पूर्वी विचारलेल्या प्रश्नांचा संचय आहे. शाळेच्या ओपॅकपाशी तो नाही. काही हजार ग्रंथांच्या नोंदी, आणि प्रत्येक नोंदीत शीर्षक, ग्रंथकार, प्रकाशक, वर्ष, वर्गांक व, दैव अनुकूल असेल तर, दोन-तीन विषयशीर्षके, एवढीच त्याची दौलत. टंकलेली अक्षरे या दौलतीतील अक्षरांशी जुळतात की नाही हे तो पाहतो, आणि ग्रंथाच्या आत काय लिहिले आहे याची त्याला गंधवार्ताही नसते. जुन्या कार्ड-तालिकेतही अर्थ जाणणारे कोणी बसलेले नव्हते हे खरे. पण तिच्या खणात विद्यार्थी अंदाजाने जवळपास पोहोचला तरी भागत असे, शेजारची चार कार्डे चाळताना हवे ते हाती लागे, आणि कधी हवे होते त्याहून चांगलेही लागे. शोधाच्या रिकाम्या चौकटीने ही शेजाराची सोय काढून घेतली. तेथे ‘जवळपास’ असे स्थळच नाही.

अमेरिकन ग्रंथपाल चार्ल्स ॲमी कटर याने १८७६ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या नियमावलीत तालिकेची जी उद्दिष्टे सांगितली, त्यांत दोन निरनिराळे शोधक गृहीत धरलेले आहेत: एकाला विशिष्ट ग्रंथ हवा असून त्याविषयी काहीतरी ठाऊक असते, तर दुसऱ्याला अमुक ग्रंथकाराचे किंवा अमुक विषयावरचे ग्रंथालयात काय काय आहे हे पाहावयाचे असते. आपल्याकडे या दोघांनाही एकच चौकट आणि एकच उपदेश मिळतो, आणि घोटाळ्यास आरंभ होतो तो तेथून.

पहिल्याचे काम तुलनेने सुकर आहे. ‘श्यामची आई’ हवे असलेल्या सहावीतील मुलाने संपूर्ण शीर्षक टंकले आणि ‘श्याम’च्या जागी ‘शाम’ लिहिले, तर बहुतेक ठिकाणी त्याच्या वाट्यास शून्य येईल. त्याने ‘आई साने’ एवढे दोनच शब्द लिहिले, तर पुस्तक समोर येईल. दोन शब्दांमध्ये नुसती मोकळी जागा सोडली असता ते दोन्ही शब्द ज्या नोंदीत आहेत तीच नोंद दाखवावी असा कोहाचा शिरस्ता आहे, मग त्यांतील एक शीर्षकात असो आणि दुसरा ग्रंथकाराच्या नावात असो. शीर्षकातील ज्या शब्दाच्या लेखनाविषयी तिळमात्र संशय नाही असा एक शब्द आणि त्याच्या जोडीला आडनाव, एवढे मुलांना शिकवले तरी पहिल्या प्रकारच्या शोधाचा बराच भार हलका होतो. संपूर्ण शीर्षक बिनचूक लिहिण्याचा जो आग्रह भाषाशिक्षक धरतात तो निबंधाच्या वहीत योग्यच आहे. शोधात मात्र जितकी अक्षरे अधिक तितक्या चुकण्याच्या जागा अधिक.

विषयाचा शोध ही खरी अवघड बाब, आणि तीत मराठी भाषेचा स्वभाव आडवा येतो. शब्दाच्या अंती तारका देऊन त्याची सर्व रूपे एकदम मागवावीत असा सल्ला इंग्रजी तालिकांसाठी लिहिलेल्या मार्गदर्शिकांत सर्रास आढळतो, आणि आपण तो जसाच्या तसा उचलतो. पण मराठी नामाला विभक्तिप्रत्यय लागण्यापूर्वी त्याचे सामान्यरूप होते, आणि त्यात मूळ शब्दाचा चेहरा पुष्कळदा पालटतो, याचा विचार त्या मार्गदर्शिकांनी करण्याचे कारण नव्हते. ‘मूल’ या शब्दापुढे तारका दिली तर ‘मुलांसाठी विज्ञान’ अशा शीर्षकाचे पुस्तक येणार नाही, कारण दीर्घ ऊकार तेथे ऱ्हस्व झालेला आहे. ‘पाऊस’पुढे तारका दिली तर ‘पावसाळा’ही नाही आणि ‘पावसाची गाणी’ही नाहीत, ‘पावस’ इथवर लिहून तारका द्यावी तर ती दोन्ही येतात, परंतु त्यांच्यासोबत रत्नागिरीजवळच्या पावसचे स्वामी स्वरूपानंद यांचे चरित्रही येते. ‘साप’च्या मागोमाग ‘सापडलेला’ आणि ‘सापळा’ येतात, ‘किल्ल’च्या मागोमाग ‘किल्ली’, आणि पक्षिनिरीक्षणाच्या प्रकल्पासाठी ‘पक्ष’ एवढ्यावर तारका देणाऱ्या मुलीला राजकीय पक्षांचा इतिहास वाचावयास मिळतो. (मुलांना या फजित्या फार आवडतात, आणि तारकेचा तास घ्यावयाचा तर आरंभ याच उदाहरणांनी करावा असे आम्ही सुचवू.) तेव्हा शब्द कोठे तोडावयाचा याचा निर्णय व्याकरण पाहून करावा लागतो: सामान्यरूपात जेथपर्यंतची अक्षरे बदलत नाहीत तेथपर्यंत शब्द ठेवावा, आणि त्यामुळे जो अनावश्यक गाळ वर येतो तो काढून टाकण्यासाठी दुसरा एखादा शब्द जोडावा, किंवा प्रगत शोधात जाऊन तोच शब्द केवळ विषयाच्या रकान्यात शोधण्याचा हुकूम द्यावा.

परंतु शब्द कितीही युक्तीने तोडला तरी जो शब्द नोंदीत मुळी नाहीच तो सापडणार कोठून? दिवाळीत मातीचा किल्ला बांधणारा मुलगा ‘किल्ला’ असे लिहितो, आणि गो. नी. दांडेकरांच्या ‘दुर्गभ्रमणगाथे’पासून दूर राहतो. ‘खगोलशास्त्र’ लिहिणाऱ्या मुलीला जयंत नारळीकरांचे ‘आकाशाशी जडले नाते’ दिसत नाही, ‘विज्ञानकथा’ लिहिणाऱ्याला त्यांचेच ‘यक्षांची देणगी’ दिसत नाही, आणि पावसावर निबंध लिहिणाऱ्याला दुर्गा भागवतांचे ‘ऋतुचक्र’ कोणी हाती दिल्यावाचून भेटत नाही. मराठी लेखकांना शीर्षकात विषय सांगण्याचा कंटाळा आहे, आणि वाङ्मयाच्या दृष्टीने तो कंटाळा आम्हांस प्रिय आहे. मात्र त्याची भरपाई विषयशीर्षकाने करावयाची असते, आणि नेमका तोच रकाना आपल्या शाळांच्या नोंदींत रिकामा आढळतो, किंवा त्यात ‘मराठी’, ‘इतर’, ‘अवांतर वाचन’ असले, कशाचाच बोध न करणारे शब्द भरलेले असतात. दाखलनोंदवहीतील माहिती घाईघाईने संगणकावर चढवताना शीर्षक, ग्रंथकार आणि किंमत एवढ्यांची तजवीज झाली आणि बाकीचे पुढे पाहू म्हणून राहिले. ते पुढे अद्याप आलेले नाही. विषयशीर्षक एकरूप असावे, म्हणजे ‘दुर्ग’, ‘गड’ आणि ‘किल्ला’ यांतून एकाची निवड करून सर्व ग्रंथांस तेच द्यावे, हा शास्त्राचा दंडक आम्हांस मान्य आहे. उरलेले दोन शब्द मात्र कोठेतरी, निदान टिपेच्या रकान्यात, मुलाच्या हाताशी लागतील असे ठेवणे हा त्या दंडकाचा भंग नव्हे.

एवढे झाले तर मग मुलांना जी युक्ती शिकवावयाची ती सर्वांत फलदायी आहे, आणि ती शिकवण्यास एक तासही लागत नाही. कसाही करून एक योग्य ग्रंथ शोधावा. त्याची संपूर्ण नोंद उघडावी. तीत दिलेल्या विषयशीर्षकावर टिचकी मारावी. म्हणजे त्याच विषयाचे अन्य ग्रंथ, त्यांची शीर्षके कितीही काव्यमय असली तरी, एकत्र येतात. त्यानंतर वर्गांक टिपून घेऊन कपाटापाशी जावे, किंवा कोहात फडताळ चाळण्याची जी सोय आहे तिच्या योगे पडद्यावरच डावी-उजवीकडची पुस्तके पाहावीत. कार्डांच्या खणातील हरवलेला शेजार येथे थोडासा परत मिळतो. ५२० या खगोलशास्त्राच्या वर्गांकापाशी ही युक्ती उत्तम चालते. ८९१.४६३ पाशी ती चालत नाही, कारण ड्युईच्या दशांश पद्धतीत मराठी कथा-कादंबऱ्यांची सारी प्रजा त्या एका अंकाखाली लेखकवार नांदत असते, आणि तेथे नारळीकरांच्या शेजारी विज्ञानकथा नसून आडनावाने जवळचा कोणीही असू शकतो. ललित वाङ्मयाला विषयशीर्षकाची गरज शास्त्रीय ग्रंथांपेक्षा अधिक आहे ती यामुळे. आणि ‘कादंबरीला कसला आला आहे विषय’ असे म्हणून आपण ते देत नाही.

ग्रंथकारांच्या नावांविषयी थोडक्यात. कुसुमाग्रज आणि वि. वा. शिरवाडकर, गोविंदाग्रज आणि राम गणेश गडकरी, आरती प्रभू आणि चिं. त्र्यं. खानोलकर, विभावरी शिरूरकर आणि मालतीबाई बेडेकर या जोड्या आपणांस पाठ असतात, मुलांस नसतात, आणि यंत्रास तर मुळीच नसतात. आद्याक्षरांमध्ये कोणी जागा सोडतो, कोणी सोडत नाही, कोणी ‘पु. ल.’ लिहितो आणि कोणी ‘पुरुषोत्तम लक्ष्मण’. ‘साने गुरुजी’ हे दोन शब्द एखाद्या नोंदीत जोडून ‘सानेगुरुजी’ असे पडले, तर ‘साने’ असा स्वतंत्र शब्द तेथे उरतच नाही, आणि वर सांगितलेली ‘आई साने’ ही युक्ती तेथे तारकेवाचून निष्फळ होते. याला उपाय प्रमाणित नामनोंदीचा. एक रूप प्रमाण ठरवून इतर रूपे त्याच्या नामनोंदीत पर्याय म्हणून लिहावीत. ही पर्यायी रूपेही शोधात धरली जावीत अशी तरतूद कोहाच्या पसंतींच्या यादीत आहे, मात्र ती चालू करून अनुक्रमणिका नव्याने बांधून घ्यावी लागते.

लेखनपद्धतीचा प्रश्न याहून चिवट आहे. मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम १९६२ साली शासनमान्य झाले, आणि त्यांनी अनुच्चारित अनुस्वार काढून टाकले व ‘कवि’, ‘नीति’ यांसारख्या शब्दांचा अंत्य इकार दीर्घ केला; परंतु आपल्या कपाटांत त्यापूर्वी छापलेले ग्रंथ आहेत, त्यांच्या मुखपृष्ठावर ‘गांव’ आणि ‘कवि’ असेच आहे, आणि तालिकाकाराने ते तसेच उतरून घेणे योग्यही आहे. आजच्या मुलाने ‘गाव’ लिहिले तर चूक कोणाचीच नाही. पर्यायी शीर्षकाच्या रकान्यात नवे लेखन नोंदवणे, हाच त्यावरील मार्ग. याखेरीज काही भेद डोळ्यांना दिसतच नाहीत: ‘दऱ्या’ हा शब्द एका कळफलकावर टिंब असलेल्या ‘ऱ’चा पाय मोडून लिहिला जातो, तर दुसऱ्यावर साधा ‘र्’ आणि त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह घालून, ‘ॲटलास’मधील पहिले अक्षर एकसंधही असते आणि ‘अ’वर चंद्र काढून केलेलेही असते, पडद्यावर दोन्ही सारखी दिसतात, आणि यंत्र त्यांस परकी मानू शकते. युनिकोडपूर्व काळातील फाँटांत भरलेल्या नोंदी तर देवनागरी नव्हेतच, त्या देवनागरीचा वेष घेतलेल्या रोमन अक्षरांच्या ओळी होत. ज्यांच्या शाळेत कोहा आहे त्यांनी आपल्या तंत्रज्ञास, झेब्रा अनुक्रमणिका आयसीयू पद्धतीने बांधलेली आहे काय, एवढा प्रश्न अवश्य विचारावा. देवनागरीसाठी तीच पद्धत योग्य, आणि ती नसेल तर वर सांगितलेल्या बहुतेक युक्त्या पांगळ्या ठरतात.

हे सारे अर्धवेळ ग्रंथपालाने, बदली तासिका आणि पाठ्यपुस्तकवाटप सांभाळून, केव्हा करावयाचे, असा प्रश्न कोणी विचारील तर तो रास्त आहे, आणि सर्व नोंदी पुन्हा तपासा असे सांगण्याचे धाडस आम्ही करणार नाही. आम्ही एक वही मागतो. ती ओपॅकच्या संगणकाशेजारी दोरीला बांधलेली असावी, आणि ज्याला शून्य नोंदी मिळाल्या त्याने आपण काय टंकले होते आणि आपल्याला काय हवे होते, एवढे तीत जसेच्या तसे लिहावे. लेखन सुधारू नये, नाव घालू नये. आठवड्यातून एकदा ती वही घेऊन बसावे. ग्रंथ आपल्यापाशी असूनही आला नसेल तर मुलाचा तो शब्द त्या नोंदीत योग्य रकान्यात घालावा. ग्रंथच नसेल तर तो खरेदीच्या यादीत जावा, आणि अनुदान येईल तेव्हा शाळासमितीपुढे ठेवण्यास याहून सबळ कागद दुसरा असणार नाही. सगळी तालिका दुरुस्त होणार नाही; ज्या नोंदींची मुलांना खरोखर गरज पडते त्या आधी होतील.

अशा वह्यांतील शब्द आमच्याकडे पाठवावेत अशी आमच्या वाचकांस विनंती आहे. पुरेसे जमले म्हणजे, कोणत्या शब्दास कोणते विषयशीर्षक द्यावे याची तालिका आम्ही याच मासिकातून छापू, म्हणजे ‘किल्ला’ आणि ‘दुर्ग’ यांचा तंटा प्रत्येक शाळेला स्वतंत्रपणे सोडवावा लागणार नाही. पाठवताना मुलाने लिहिलेला शब्द त्याच्या अशुद्धासकट, त्यापुढे जी नोंद यावयास हवी होती तिचे शीर्षक आणि वर्गांक, आणि आपल्या ग्रंथालयात कोणती प्रणाली चालते, इतका तपशील पुरे.