विश्लेषण : एआयला नुसते ‘कापूस विक्रीचे अ‍ॅप’ म्हटले तर काय मिळते?

मोबाइल अ‍ॅपची स्क्रीन कशी दिसेल, याचा नमुना म्हणजे मॉकअप. पूर्वी तो डिझायनर काढत असे. गुगलने मे २०२५ मध्ये ‘स्टिच’ आणले आणि चार ओळींची सूचना, म्हणजे प्रॉम्प्ट, लिहून असा नमुना काही मिनिटांत मिळू लागला. फिग्माचे ‘मेक’ही त्याच महिन्यातले. साधन सोपे झाले. सूचना लिहिणे मात्र तेवढे सोपे नाही.

एरंडोलचा काय संबंध?

एरंडोल हा कापसाचा तालुका. २०२५-२६च्या हंगामासाठी सीसीआयने हमीभावाच्या खरेदीकरिता ‘कपास किसान’ अ‍ॅप आणले. नोंदणी आणि केंद्रावर माल नेण्याची वेळ दोन्ही त्यावरच. म्हणजे शेत आणि जिनिंगचे फाटक यांच्यामध्ये आता मोबाइलची स्क्रीन आली. ती कळली नाही, तर कापूस खेडा खरेदीत मिळेल त्या भावाने जातो.

सूचना कुठे चुकते?

‘शेतकऱ्यांसाठी आकर्षक, आधुनिक कापूस विक्री अ‍ॅप’ एवढेच लिहिले, तर बहुधा हिरवा रंग, हसरा शेतकरी, आलेख आणि ‘आता विका’ असे बटण मिळते. दिसायला छान, कामाला शून्य. ‘आकर्षक’ या शब्दातून एआयला काहीच कळत नाही. त्याला व्यवहार सांगावा लागतो.

या व्यवहारात कळीचा मुद्दा ओलाव्याचा. ८ टक्क्यांपर्यंत ओलावा असेल तर पूर्ण भाव, त्यापुढे १२ टक्क्यांपर्यंत कपात, त्याहून जास्त असल्यास खरेदीच नाही. गाडी भरण्याआधी हे दिसले नाही, तर भाडे वाया जाते. सूचनेत नसेल, तर ही ओळ एआय स्वतःहून घालेलच असे नाही.

मग लिहायचे कसे?

उदाहरणार्थ : ‘एरंडोल तालुक्यातील ५५ वर्षांच्या कापूस उत्पादकासाठी अँड्रॉइड अ‍ॅपची एकच स्क्रीन. फोन स्वस्त, उन्हात पाहिला जाणारा. सर्व मजकूर मराठीत, अक्षरे मोठी, वेलांट्या-मात्रा कापल्या जाणार नाहीत इतके ओळींत अंतर. वर केंद्राचे नाव, तारीख, वेळ. मध्ये ओलाव्याचा नियम. भाव क्विंटलला : लांब धागा ८,११० रुपये, मध्यम धागा ७,७१० रुपये. खाली एकच बटण : वेळ ठरवा.’

भाव मुद्दाम लिहायचे, कारण रिकाम्या जागी एआय मनचे आकडे भरते. हे २०२५-२६चे आहेत. हंगाम बदलला की तेही बदलावेत.

यानंतरची सूचना बहुतेक जण विसरतात. ओटीपी आला नाही, रेंज गेली, त्या दिवशीची वेळ संपली, नोंदणी नाकारली गेली, अशा प्रत्येक प्रसंगाची स्क्रीन वेगळी मागावी लागते. नाकारण्याचे कारण आणि पुढे काय करायचे, हे त्याच स्क्रीनवर हवे. नाहीतर एआय सगळे सुरळीत पार पडल्याचेच चित्र दाखवते आणि बैठकीत तेच मंजूर होते. शेतकरी अडतो तो नेमका या न काढलेल्या स्क्रीनवर.

काळजी कोणती?

नमुन्यासाठी सूचनेत कुणाचा खरा आधार क्रमांक, बँक खाते किंवा सातबारा टाकू नये. काल्पनिक नाव आणि गट क्रमांक पुरतो.