हुशारी रक्तातून येते म्हणणाऱ्यांसाठी

१/ दहावी-बारावीचे निकाल लागले की एक जुना सिद्धांत नव्याने फिरू लागतो : बुद्धी अमुक घराण्यांत उपजत असते, तमुक घराण्यांत नसते. तो मांडणाऱ्यांनी महाराष्ट्राचा शैक्षणिक इतिहास चाळलेला दिसत नाही.

२/ १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन देताना महात्मा फुले यांनी मुलांच्या डोक्याला दोष दिला नाही. सरकारकडे हिशेब मागितला. सारा भरणार शेतकरी आणि पैसा मुरणार वरिष्ठ वर्गांच्या उच्च शिक्षणात, हा त्यांचा मूळ आक्षेप. मागण्या तर कमालीच्या नेमक्या होत्या : निदान बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचे प्राथमिक शिक्षण, प्रशिक्षित शिक्षक, शक्यतो शेतकरी वर्गातले, नांगर धरायला न लाजणारे, पगार १२ रुपयांहून कमी नको, मोठ्या गावांत १५ ते २०. शिक्षक उपाशी ठेवून विद्यार्थी हुशार होत नाहीत, हे त्यांनी तेव्हाच ओळखले होते. (आजच्या कंत्राटी शिक्षकांनी हा मजकूर अवश्य वाचावा.)

३/ आता कोल्हापूर. शाळा-कॉलेजचे दार उघडे असून खेड्यातला मुलगा आत का दिसत नव्हता? शहरात राहणार कुठे, जेवणार काय, कोणाच्या विहिरीचे पाणी पिणार? या प्रश्नांना गुणपत्रिकेत रकाना नसतो. शाहू महाराजांनी नेमके तिथे हात घातला. १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग, पुढे मुस्लिम, लिंगायत आणि १९०८ मध्ये अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे झाले. मूल शाळेत न धाडणाऱ्या पालकाला दरमहा १ रुपया दंड!

४/ जातवार वसतिगृहांवर आज नाक मुरडणे सोपे आहे. आक्षेपात तथ्य नाही असेही नाही : मिस क्लार्क बोर्डिंगच्या समारंभाला गेले म्हणून भाऊराव पाटलांना कोल्हापूरचे जैन बोर्डिंग सोडावे लागले. पण ज्या काळी पंगतीत जात विचारली जाई, त्या काळी छप्पर आधी हवे होते.

५/ भाऊरावांनी पुढचे पाऊल टाकले. १९२४ मध्ये साताऱ्यात सुरू केलेल्या त्यांच्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एकाच चुलीवरचे जेवत. पैसा संपला तेव्हा लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्र मोडून त्या मुलांची चूल पेटती ठेवली.