पुलावर ५२ म्हणजे आपली पायरी

मागच्या महिन्यात ऑफिसात दोन दिवसांचं ट्रेनिंग झालं. विषय ‘डेटा स्टोरीटेलिंग’. आकडे लोकांच्या लक्षात राहत नाहीत, गोष्टी राहतात, म्हणून आकड्यांची गोष्ट करा. गोष्टीला नायक हवा, संकट हवं, शेवटी सुटका हवी. शिकवणाऱ्या बाई छान बोलत होत्या, जेवण बरं होतं (ट्रेनिंगमध्ये याला फार महत्त्व असतं), आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही सगळे आपापल्या रिपोर्टांना नायक चिकटवत बसलो होतो.

मी मात्र मनातल्या मनात चरफडत होतो. कारण आकड्याची गोष्ट करून तोंडघशी पडण्याचा पराक्रम मी ट्रेनिंगच्या आधीच करून ठेवला होता.

झालं असं. आमच्या एका क्लायंटचे डेपो पश्चिम महाराष्ट्रात पसरलेले आहेत. कुठे किती माल शिल्लक आहे आणि तो किती दिवस पुरेल, हे सांगणारं सॉफ्टवेअर आमचं. रिपोर्टमध्ये ओळ यायची, ‘कराड : ११.४ दिवसांचा साठा’. ती ओळ कोणी वाचत नसे. अकरा दिवस म्हणजे भरपूर की कमी? आणि तो पॉइंट चार काय भानगड आहे? शेवटी मी एक दिवस बसून ते सगळं बदललं. आता रिपोर्ट उघडला की पहिलीच ओळ, ‘शुक्रवारी दुपारी कराडचा डेपो रिकामा होईल’. बस्स. लोक खूश. डेपोच्या साहेबांचा दोन वर्षांत पहिल्यांदा मला फोन आला, तोही कौतुकाचा!

आणि तीन आठवड्यांनी असाच ‘शुक्रवार’ सांगितलेला माल बुधवारी सकाळी संपला. ट्रक गुरुवारी निघणार होता. दोन दिवस दुकानदारांनी दुसऱ्या कंपनीचा माल उचलला, आणि त्यातले काही परत आलेच नाहीत.

यात प्रोग्रामची चूक नव्हती, हेच खरं दुखणं. आमचं गणित बुधवार ते रविवार असंच सांगत होतं, शुक्रवार हा फक्त मधला दिवस. पहिल्या मसुद्यात मी ते लिहिलंही होतं. पण “रेंज नको रे, गोष्ट पातळ होते,” असं वरून आलं, आणि मलाही ते पटलं. खरं सांगायचं तर मला माझी ती एका ओळीची गोष्ट फार आवडली होती. साहेबांचा दुसरा फोन आला तेव्हा ते एवढंच म्हणाले, “तुम्ही शुक्रवार म्हणाला होता.” काय उत्तर देणार?

त्या रात्री मला सांगलीच्या मामाचं दुकान आठवलं.

मी साताऱ्याचा, आजोळ सांगलीचं. म्हणजे पाणी आमच्याकडून सुटतं आणि मामाकडे पोचतं. जुलै-ऑगस्टमध्ये साताऱ्याच्या पेपरात रोज एक चौकट असते. कोयनानगर, नवजा, महाबळेश्वर, तिन्ही ठिकाणचा पाऊस मिलिमीटरमध्ये. मग धरणात किती टीएमसी, टक्के किती, आवक किती क्युसेक, विसर्ग किती क्युसेक. लहानपणी मला ही चौकट पाठ असायची, अर्थ मात्र ओ की ठो कळत नसे. मोठेपणी इंजिनिअर झाल्यावर अर्थ कळला, तर त्याचा उपयोग काय ते कळेना!

बघा ना. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, साधारण २८ लिटर. ११,५७४ क्युसेकने दिवसभर पाणी वाहिलं की एक टीएमसी होतो. कोयनेची क्षमता १०५.२५ टीएमसी. एक लाख क्युसेक सोडले तर दिवसाला साडेआठ टीएमसीच्या वर पाणी जातं, म्हणजे वरून थेंबही आला नाही तर भरलेलं धरण बारा दिवसांत रिकामं. आता याची ट्रेनिंगछाप गोष्ट करायची तर, ‘सेकंदाला दहा हजार लिटरचे २८३ टँकर!’ ऐकणारा डोळे मोठे करतो. पण सांगलीत कापडाचं दुकान असलेल्या माणसाने या २८३ टँकरचं काय करायचं? ते आपल्याकडे येणार की नाही, आणि आले तर कुठपर्यंत, हे त्यातून कळत नाही. आकडा डोळ्यांपुढे उभा राहिला म्हणजे तो कामाचा झाला असं नाही. आमची अर्धी प्रेझेंटेशन्स या टँकरांनीच भरलेली असतात.

त्यात पुन्हा एक घोळ. ‘कोयनेचे सहा दरवाजे नऊ फुटांनी उचलले’ अशी बातमी आली की दरवर्षी कोणीतरी घाबरून फोन करतो, नऊ फूट पाणी वाढणार म्हणून. दरवाजाचे फूट वेगळे, पुलाचे फूट वेगळे. शब्द एकच. (डॅशबोर्डवर ‘ॲक्टिव्ह युजर’ नावाच्या तीन वेगवेगळ्या आकड्यांवरून भांडलेल्या मंडळींना हे सांगायला नको.)

सांगलीचे फूट म्हणजे आयर्विन पुलाचे फूट. हा १९२९ चा पूल. तिथे ४० फूट ही इशारा पातळी, ४५ ही धोक्याची. पावसाळ्यात सांगलीकर एकमेकांना भेटले की ‘कसं काय’ म्हणत नाहीत, ‘किती झालं?’ विचारतात. उत्तर नुसता आकडा. आणि त्या आकड्यापुढे प्रत्येकाचं स्वतःचं वेगळं भाषांतर असतं. सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर, कर्नाळ रोड इथले लोक सगळ्यात आधी हलतात, बाजारपेठ नंतर. मामाचं भाषांतर होतं, ‘पुलावर ५२ म्हणजे आपली पायरी’.

इतकं चांगलं डेटा स्टोरीटेलिंग मी नंतर कुठेही पाहिलेलं नाही. नायक नाही की खलनायक नाही, एक आकडा आणि एक पायरी. त्यात कोयनेचा विसर्ग आला, कराडला कोयना कृष्णेला मिळते ते आलं, धोम-कण्हेरचं पाणी आलं, आणि सांगलीच्या खाली हरिपूरला वारणा किती फुगली आहे तेही आलं. वारणा भरून वाहत असली की सांगलीचं पाणी पुढे सरकत नाही, म्हणून वरून तेवढेच क्युसेक सुटले तरी पुलावरचे फूट दरवेळी सारखे नसतात. हे सगळं गणित नदी स्वतःच करून पुलावर आकडा लिहून देते. मामाने तो फक्त आपल्या दुकानाशी जोडला.

इथपर्यंतची गोष्ट ट्रेनिंगमधल्या बाईंना आवडली असती. पुढची कदाचित नाही.

२००५ च्या पुरात पुलावर पाणी ५३ फुटांच्या पुढे गेलं. मामाच्या दुकानात गुडघाभर आलं. भिंतीवर पाण्याची ओली रेघ उठली होती, मामाने ती वाळायच्या आत ऑइलपेंटने पक्की केली, शेजारी ‘२००५’ लिहिलं. त्यानंतर चौदा वर्षं दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला ती रेघ दाखवली जायची. मी स्वतः ती गोष्ट किमान वीस वेळा ऐकली असेल. दर वेळी तिला धार यायची, आणि दर वेळी ती संपायची रेघेपाशीच.

ऑगस्ट २०१९. पाणी वाढायला लागलं तेव्हा मामा बेसावध नव्हता. उलट त्याने जरा जास्तच केलं असं घरच्यांना वाटत होतं. रेघ गुडघ्याला, तर त्याने सगळा माल कमरेच्या वरच्या फळ्यांवर चढवला. दुप्पट उंची! आमच्या भाषेत शंभर टक्के सेफ्टी मार्जिन. शटर ओढलं आणि घरी गेला. पुलावरचा आकडा या वेळी ५७ च्या पुढे जाऊन थांबला. ५२ ला पायरी, म्हणजे दुकानात पाच फुटांच्या वर पाणी. माळ्यावर ठेवलेले गठ्ठे तेवढे वाचले.

नंतर मी एकदा त्याला विचारलं, “मामा, सगळंच माळ्यावर का नाही टाकलंस? वेळ होता की.”

“वेळ होता, माणसंही होती,” तो म्हणाला. “पण ती रेघ होती ना रे भिंतीवर. इतकी वर्षं बघत होतो. तिच्या दुप्पट केलं तेव्हा मला वाटलं, आपण येड्यासारखं करतोय.”

हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. त्याला आकडा मिळाला होता, आकडा समजला होता, तो आपल्या दुकानाला लावताही आला होता. बुडवलं ते त्या चांगल्या गोष्टीने. २००५ चा पूर हा फक्त एक पूर होता, पण चौदा वर्षं सांगून सांगून त्या एका आकड्याची हद्द झाली. भिंतीवर एकच रेघ असली की माणूस रेघेपासून मोजतो. ‘यापेक्षा किती जास्त येऊ शकेल?’ हा प्रश्न विचारायला तिथे जागाच नव्हती.

आणि हे फक्त आपल्याकडे होतं असंही नाही. अमेरिकेत नॉर्थ डाकोटामध्ये ग्रँड फोर्क्स नावाचं गाव आहे, रेड नदीच्या काठी. १९९७ साली तिथल्या हवामान खात्याने आधी बरेच आठवडे अंदाज दिला की नदी ४९ फुटांपर्यंत चढेल. गावाचे बांध ५१ फुटांच्या हिशेबाने होते. दोन फूट वर, म्हणजे निश्चिंत. एप्रिलमध्ये पाणी ५४ फुटांवर गेलं आणि गावाचा बहुतेक भाग रिकामा करावा लागला. नेट सिल्व्हर यांनी २०१२ च्या ‘द सिग्नल अँड द नॉईज’ या पुस्तकात ही हकीकत दिली आहे. त्यातली मेख अशी की खात्याचे आधीचे अंदाज पाहिले तर चूक नऊ फूट इकडे-तिकडे असायची. ते लोकांना ठसवून सांगितलं गेलं नाही, कारण अनिश्चितता दाखवली तर लोकांचा विश्वास उडेल अशी भीती होती. वाचताना मला घाम फुटला. ‘रेंज नको, गोष्ट पातळ होते’, तेच वाक्य. फक्त तिकडे अख्खं गाव होतं आणि माझ्याकडे एक डेपो.

गोष्टीची आणखी एक खोड आहे, तिला कोणीतरी दोषी लागतो. सांगलीत पुराबद्दल बोलायला लागा, दुसऱ्या मिनिटाला अलमट्टी येतं. २०१९ च्या पुरानंतर वडनेरे समिती नेमली होती. तिने अतिवृष्टी, नदीपात्रातली अतिक्रमणं अशी बरीच कारणं मांडली. तो वाद अजून चालू आहे आणि मी जलतज्ज्ञ नाही, त्यामुळे त्यात पडत नाही. पण पाच कारणांचा अहवाल आणि एका धरणाची गोष्ट यांच्यात पारावर कोण जिंकतं, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. आमच्याकडेही विक्री घसरली की मीटिंगमध्ये पहिल्या पाच मिनिटांत एक अलमट्टी सापडतं. बहुतेक वेळा ते गैरहजर असलेलं डिपार्टमेंट असतं.

आता कोणी म्हणेल, मग गोष्टी सोडून पुन्हा ११.४ दिवसांवर जायचं का? अजिबात नाही. ११.४ ही तर शुद्ध पळवाट आहे. आकडा बरोबर, वाचणाऱ्याने काय करायचं ते त्याचं तो बघेल. मला वाटतं मामाचं पायरीचं वाक्य बरोबरच होतं, फक्त अर्धं होतं. ‘५२ म्हणजे आपली पायरी, आणि ५८ झाले तर माळा सोडून काही उरत नाही.’ हे दुसरं वाक्य बोलायला कुणाला आवडत नाही. सांगणारा घाबरट वाटतो, आणि तसं झालं नाही तर वर हसंही होतं. आपल्याकडे अंदाज चुकला की हवामान खात्यावरचे विनोद कसे फिरतात, आठवून बघा.

सोमवारी ऑफिसात मी ती ओळ बदलली. आता असं येतं, ‘कराड : शुक्रवारी संपेल असा अंदाज. बुधवारीही संपू शकतो. बुधवार टाळायचा तर ट्रक मंगळवारी निघायला हवा.’ वरून अपेक्षेप्रमाणे विचारणा झाली. एवढं लांब कशाला, आणि बुधवारची शक्यता कितीशी? मी म्हटलं, साधारण पाचात एक. “मग चार वेळा आपण उगाच घाबरवतोय.” होय, घाबरवतोय. चार वेळा ट्रक लवकर नेण्याचा खर्च किती आणि एकदा दोन दिवस डेपो रिकामा राहण्याचा किती, ते दोन आकडे मी शेजारी शेजारी लिहून दाखवले. पूर्ण पटलं असं नाही, पण “राहू दे सध्या” इथपर्यंत आलं. सॉफ्टवेअरमध्ये ‘सध्या’ म्हणजे बरीच वर्षं असतात :-)

डेपोच्या साहेबांनी या वेळी फोन केला नाही. दोन शब्दांचा मेसेज आला, ‘मंगळवार धरतो.’

जुलै २०२१ मध्ये पाणी पुन्हा पन्नाशीच्या वर गेलं तेव्हा मामाने पहिल्याच दिवशी सगळा माल माळ्यावर टाकला होता. दुकानात आता दोन रेघा आहेत, २००५ ची गुडघ्याला आणि २०१९ ची माझ्या खांद्याला. २०१९ ची गोष्टही तो आता रंगवून सांगायला लागलाय. परवा गेलो होतो तेव्हा एका गिऱ्हाइकाला सांगत होता, हात वरच्या रेघेवर ठेवून. मी मध्येच विचारलं, “मामा, आणि याच्या वर आलं तर?”

त्याने एकदा माळ्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. “तू चहा पिणार का?” म्हणाला.