खोली एक, माणसे दोन

दिवाळीच्या सुटीत वसतिगृहातून घरी आलेल्या मुलाच्या बॅगेतून आधी मळके कपडे निघतात आणि मागोमाग गाऱ्हाणी. ‘तो रात्री दोनपर्यंत दिवा मालवत नाही.’ ‘माझा साबण न विचारता वापरतो.’ मुलींची गाऱ्हाणी निराळी नसतात. ऐकता ऐकता आईचा जीव कळवळतो आणि वडील रेक्टरांना फोन लावायला उठतात. वडिलांनी जरा बसावे, असे आम्हांला वाटते.

कालच्या अहमदनगरचे आज अहिल्यानगर झाले. तिथे शिकायला जाणाऱ्या मुलांना किल्ला ठाऊक असतोच. ऑगस्ट १९४२ पासून मार्च १९४५ पर्यंत काँग्रेसचे बारा पुढारी या किल्ल्यात बंदिवान होते. एका चौकाभोवती त्यांच्या खोल्या आणि तोंडेही त्याच बाराजणांची. नेहरू, सरदार पटेल, मौलाना आझाद, सिंधी कृपलानी, तेलुगू पट्टाभी, आपले शंकरराव देव, दम्याने बेजार झालेले आचार्य नरेंद्र देव! भाषा निराळ्या, सवयी निराळ्या आणि ‘भारत छोडो’च्या निर्णयावरही सर्वांचे मन सारखे नव्हते. वाचकहो, रूम-पार्टनर निवडायची सोय तिथेही नव्हती!

मौलाना पहाटे चारच्या सुमारास उठत; पण कुणाची झोपमोड न करता स्वतःचा चहा स्वतः करीत आणि लिहीत बसत. त्या पत्रांचे ‘गुबार-ए-खातिर’ हे पुस्तक १९४६ साली निघाले. त्यात त्यांच्या खोलीतल्या बिनबोलावलेल्या सोबत्यांची, म्हणजे चिमण्यांची, हकीकत आहे. छतात घरटी, दिवसभर कलकलाट, खाली कचरा. मौलानांनी आधी छत्री उगारली, मग बांबू घेतला. चिमण्या उडत आणि पुन्हा येत. अखेर त्यांनी लढाई सोडून तांदळाचे दाणे टाकले. दाणे रोज थोडे थोडे जवळ सरकू लागले आणि काही दिवसांनी चिमण्या त्यांच्या हातावर येऊन बसू लागल्या. आता साबण चोरणाऱ्याला तांदूळ घालावेत असे आमचे म्हणणे नाही! पण बांबूने काय साधले, एवढे मुलाला विचारायला हरकत नाही.

मंडळींनी चौकात वाफे खणून फुलझाडेही लावली. कामात हात गुंतले की तोंडाला विसावा मिळतो, हा अनुभव दोन जावांच्या स्वयंपाकघरातही येतो.

जिव्हारी लागते ते लपवणे. बारांपैकी डॉ. सय्यद महमूद यांनी सोबत्यांना न सांगता व्हाइसरॉयना पत्र लिहिले आणि ऑक्टोबर १९४४ मध्ये ते सुटले. मागे राहिलेल्यांना फार लागले. तरी १९५४ साली नेहरूंनी त्यांना परराष्ट्र खात्यात राज्यमंत्री केले. तोंडावर झालेले भांडण दोन दिवसांत विरते. खोलीतल्या मुलाला न सांगता केलेला अर्ज मात्र वर्षभर सलतो. म्हणून मुलाला सांगा, आधी त्याच्याशीच बोल. परीक्षेच्या आदल्या रात्री नको आणि मित्रांच्या घोळक्यात नको. ‘तू असाच आहेस’ म्हणण्याऐवजी ‘बारानंतर मोठा दिवा बंद, हवा तर टेबलावरचा छोटा लाव’ म्हणावे. मेसचे पैसे, किल्ली, पाहुणे यांचे त्याच बैठकीत ठरवून टाकावे. हो, आणि आपला कोपरा आपण झाडतो का, हेही त्याला विचारा. आईला उत्तर आधीच ठाऊक असते.

मारहाण, चोरी, नशा किंवा छळ असेल तर मात्र समजुतीच्या गोष्टी पुरे. महाराष्ट्रात रॅगिंगविरुद्ध १९९९ सालापासून कायदा आहे. तेव्हा फोन जरूर करावा, लेखी तक्रार द्यावी आणि तिची प्रत जपून ठेवावी. ‘सहन कर’ म्हणणारे आईबाप आम्ही पाहिले आहेत. ते आम्हांला मुळीच पसंत नाही.

बाकी साबणाचे आणि दिव्याचे भांडण मुलांवरच सोपवावे. परत जाताना फराळाचा डबा द्याल, तेव्हा चकल्या दोघांपुरत्या घाला. गाव लांब म्हणून त्या दुसऱ्या मुलाला कदाचित यंदा घरी जाताच आले नसेल.