कॅरव्हॅन भाड्याने घेताना आधी पट्टे मोजा

चाकांवरचे घर, म्हणजे कॅरव्हॅन, आता आपल्याकडेही भाड्याने मिळते. महाराष्ट्र शासनाने 2021 मध्ये कॅरव्हॅन पर्यटनासाठी धोरणही जाहीर केले. लहान मुले आणि दादी-नानी सोबत असलेल्या कुटुंबाला ही सोय आवडावी, यात नवल नाही. खाणे आपल्या हातचे, बायका-मुलांना स्वतःचे बाथरूम आणि नमाजसाठी जागा शोधत फिरणे नाही.

मात्र जाहिरातीतल्या फोटोंत दिसतात त्या गाद्या, टीव्ही आणि रंगीत दिवे. मालकही पहिली गोष्ट सांगतो, "सहा जण आरामात झोपतील." तुम्ही विचारायचा प्रश्न वेगळा आहे: गाडी चालू असताना पट्टा बांधून किती जण बसतील? सहा खाटांच्या गाडीत पट्ट्याच्या जागा चारच असू शकतात. मग उरलेले दोघे, म्हणजे बहुधा मुलेच, मागच्या गादीवर लोळत जातात. आरसी बुकवर बैठक क्षमता लिहिलेली असते, ती वाचा. मग आत जाऊन प्रत्येक पट्टा ओढून, लावून पाहा.

14 वर्षांखालच्या मुलाला सीटबेल्ट किंवा बालआसनाशिवाय नेल्यास मोटार वाहन कायद्यात 1000 रुपये दंड आहे. पण दंडापेक्षा हिशेब महत्त्वाचा. ताशी 50 किलोमीटर वेगाने गाडी धडकली, तर मोकळ्या बसलेल्या मुलाला बसणारा मार साधारण तिसऱ्या मजल्यावरून पडण्याइतका असतो. आईची मिठी कितीही घट्ट असली, तरी त्या क्षणी दहा किलोचे बाळ हातात राहत नाही.

बालआसन फक्त समोर तोंड असलेल्या पक्क्या सीटवरच बसवावे. सोफ्यासारख्या आडव्या बाकावर ते कामाचे नाही. तान्ह्या बाळाचे आसन गाडीच्या मागच्या दिशेला तोंड करून लावतात. किमान पंधरा महिन्यांपर्यंत बाळाने तसेच बसावे. समोर एअरबॅग चालू असलेल्या सीटवर मात्र ते कधीही लावू नये. आपले आसन सोबत नेऊन, गाडी ठरवण्याआधीच बसवून पाहा. पुढचा रस्ता दिसेल अशी जागा मिळाली, तर घाटात मुलांना मळमळही कमी होते.

रात्री झोपताना सहा वर्षांखालच्या मुलाला वरच्या खाटेवर झोपवू नका. मोठ्या मुलासाठीही त्या खाटेला कठडा हवा. दाराची कडी मुलाच्या हाताला सहज लागते का, शेगडीपर्यंत त्याचा हात पोहोचतो का, हेही पाहून घ्या.

पाण्याचा हिशेब घरीच करावा. समजा टाकी 100 लिटरची आहे. चार मोठ्यांनी लोटाभर, म्हणजे लिटरभर पाण्यात वुझू केले, तरी पाच वेळचे 20 लिटर होतात. सहा जणांच्या अर्ध्या-अर्ध्या बादली आंघोळीला साठेक लिटर जातात. संडास, भांडी आणि बाळाचे धुणे धरले, की टाकी एका दिवसात रिकामी. म्हणून आंघोळीची सोय मुक्कामाच्या जागी हवी आणि पिण्याचे पाणी वेगळ्या कॅनमध्ये. सांडपाण्याची टाकी कुठे रिकामी करायची, हेही मालकाला विचारा. ती रस्त्याकडेला किंवा ओढ्यात सोडणे शोभत नाही.

सर्वांत गंभीर गोष्ट हवेची. डिसेंबर 2024 मध्ये केरळमधील वडकरा येथे रस्त्याकडेला उभ्या असलेल्या कॅरव्हॅनमध्ये दोन पुरुष मृतावस्थेत सापडले. जनरेटरमधून आत शिरलेला कार्बन मोनॉक्साइड हे त्याचे कारण निघाले. या वायूला रंग नाही, वास नाही. झोपलेल्या माणसाला तो जागा करत नाही. म्हणून रात्री एसीसाठी इंजिन किंवा जनरेटर चालू ठेवून झोपायचे नाही. बाहेरून वीज जोडता येईल अशी गाडी आणि तसा पॉइंट असलेली मुक्कामाची जागा निवडा. थंडीत बंद गाडीत शेगडी पेटवून ऊब घेऊ नका. कार्बन मोनॉक्साइडची सूचना देणारे यंत्र गाडीत नसेल, तर स्वतः विकत घेऊन खाटेजवळ लावा. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असल्याने गळती झाल्यास तो खाली साचतो. त्यामुळे त्याचे सूचनायंत्र जमिनीलगत असावे. रात्री सिलिंडर बंद करण्याचे काम घरातल्या एकाच माणसाकडे द्या.

गाडी जितकी मोठी, तितके कोकणातले अरुंद रस्ते आणि घाटातली वळणे अवघड. मार्ग आणि गावातला शेवटचा रस्ता मालकाला आधी सांगा. चालक त्या रस्त्याने पूर्वी गेलेला असेल तर उत्तम. रात्रीचा घाट टाळावा. फजरनंतर निघून दिवसाउजेडी मुक्काम गाठावा.

आता निवड. घरात दोन वर्षांखालचे बाळ असेल आणि कॅरव्हॅनमध्ये त्याचे आसन नीट बसत नसेल, तर ती सोडून द्या. नेहमीची पट्ट्यांची मोटार, सोबत तंबू किंवा एखादी खोली, यात सहलीची मजा कमी होत नाही. मुले चार-पाच वर्षांची असतील, सगळ्यांना पट्टे असतील आणि मुक्कामाला वीज-पाणी असेल, तर कॅरव्हॅन जरूर घ्या. पण पहिल्याच खेपेला आठवडाभराचा बेत नको. घरापासून दोन-तीन तासांच्या अंतरावर एकच रात्र काढा. पाणी किती लागते, मुले कुठे झोपतात, दादींना पायरी चढता येते का, हे त्या एका रात्रीत कळते. मालक बयाणा मागेल, तेव्हा आधी मुलांना गाडीत बसवा, एकेकाला पट्टा लावा आणि मगच पैशांचे बोला.