नखाचा निवाडा

२०२४ च्या मार्चअखेरीस वसई किल्ल्यात बिबट्या दिसला. एप्रिलमध्ये तो पिंजऱ्यात सापडेपर्यंत किल्ल्याभोवतीच्या वस्तीत धास्ती होती. तुंगारेश्वर अभयारण्य आणि संजय गांधी राष्ट्रीय उद्यान यांचा शेजार लाभलेल्या वसई-विरारला हा प्राणी तसा परका नाही. जिवंत बिबट्या ओळखण्यास विज्ञान लागत नाही. सोन्यात मढवलेले त्याचे नख ओळखणे मात्र अनुभवी सराफालाही जमेलच असे नाही.

वाघनख म्हणून विकली जाणारी कित्येक नखे गुरांच्या शिंगांपासून वा खुरांपासून घडवलेली असतात. पूजासाहित्याच्या दुकानांतील ‘हत्थाजोडी’चा प्रकार याच्या उलट आहे. वनस्पतीचे मूळ म्हणून ती विकली जाते. प्रत्यक्षात ते नर घोरपडीचे वाळवलेले जननेंद्रिय असते. (जीवदया पाळणाऱ्या घरच्या तिजोरीत भरभराटीसाठी अशी वस्तू ठेवली जावी, यापरता विपर्यास कोणता!) बिबट्या, वाघ आणि घोरपड हे तिन्ही वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत, शिक्षा ३ ते ७ वर्षे कारावासाची. दिसायला सारख्या दोन वस्तूंपैकी एक निव्वळ नकली माल आणि दुसरी तुरुंगाची वाट. निवाडा डीएनए अहवालावर ठरतो.

असे नमुने डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेकडे किंवा हैदराबादच्या सीसीएमबीकडे पाठवले जातात. वाळलेल्या, शिजवलेल्या वा रंग दिलेल्या वस्तूत डीएनए अत्यल्प उरतो. म्हणून पेशीत शेकडो प्रतींनी असणारा मायटोकॉन्ड्रियातील डीएनए घेतात, त्याच्या ठरावीक तुकड्याच्या असंख्य प्रती यंत्राने करतात आणि त्यातील अक्षरक्रम ज्ञात प्राण्यांच्या क्रमाशी ताडून पाहतात.

धोका नेमका येथेच आहे. यंत्र नखाच्या डीएनएच्या प्रती काढते, तशाच आदल्या दिवशी त्याच मेजावर हाताळलेल्या कातड्याच्या कणाच्याही काढते. त्यामुळे प्रत्येक खेपेस नमुना न घातलेली एक कोरी नळी सोबत चालवावी लागते. तिच्यात डीएनए उमटला तर ती सारी खेप बाद. ज्या नोंदीशी ताडायचे तीही निःसंशय हवी. सार्वजनिक संग्रहांत एका प्राण्याच्या नावावर दुसऱ्याचाच क्रम नोंदला गेल्याची उदाहरणे आहेत. एकाने केलेले विश्लेषण दुसऱ्या जाणकाराने स्वतंत्रपणे तपासणे, हा बँकेतील जुना शिरस्ता येथेही आहे. प्राण्यांच्या डीएनए पुराव्यासाठी आंतरराष्ट्रीय न्यायवैद्यक अनुवंशशास्त्र संस्थेने २०११ मध्ये १३ शिफारशी केल्या. प्रयोगशाळांच्या सक्षमतेचे सर्वसाधारण मानक आयएसओ/आयईसी १७०२५ असून भारतात त्यानुसार मान्यता एनएबीएल देते.

अहवालाने सिद्ध झाले त्यापलीकडे बोलू नये, हा नियम सर्वांत अवघड ठरतो. रानडुक्कर आणि पाळीव डुक्कर मुळात एकाच जातीचे. मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए तर केवळ आईकडून येतो. त्यामुळे जप्त मांस ‘डुकराचे’ असे प्रयोगशाळा छातीठोकपणे सांगू शकते. ‘रानडुकराचे’ म्हणायचे तर वेगळ्या, अधिक सूक्ष्म चाचण्या कराव्या लागतात. प्रामाणिक अहवालात हा फरक स्पष्ट लिहिलेला असतो आणि सरकारी वकिलाला तो अडचणीचा वाटला, तरी गाळता येत नाही.

प्रयोगशाळेच्या दाराबाहेरचे काम याहून साधे, पण तितकेच निर्णायक आहे. पाकिटावरील मोहोर पंचनाम्यातील वर्णनाशी जुळली नाही, किंवा नमुना मधले चार दिवस कोणाच्या ताब्यात होता याची नोंद नसली, तर बचाव पक्षाचा पहिला प्रश्न डीएनएविषयी नसतो. न्यायालयात आलेले नख त्याच दुकानातले कशावरून, हा असतो.